ताडफळाचं कालवण

सायबुआमावशीच्या खानावळीत मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. तिच्या हाताला चव आहे असं सारं फेत्चबुरी शहर सांगतं. ते खरं आहे, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो.

महिन्यापूर्वी आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून साधी पेज दिली तरी ती दोन चमच्यांत तोंड फिरवायची. परवा उपोसथाचा, बौद्ध व्रताचा दिवस होता. पांढरे कपडे घालून, विहारात आठ शीलं घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "पिकुन, सायबुआच्या हातचं ताडफळाचं कालवण खावंसं वाटतंय गं."

मी तिला जवळजवळ उचलूनच आणलं. त्या कालवणात कोळंबी असते; ती या व्रतात चालते, पण दुपारी बारानंतरचा घास चालत नाही. हातात भरपूर वेळ होता.

एकच चूल, एकच कढई. टेबलावरचं प्लास्टिक कोपराला चिकटत होतं. शेजारी बँकॉकहून आलेलं टोळकं बसलेलं. त्यांच्यापुढे तेच कालवण आलं. गार होईपर्यंत त्यांनी फोटो काढले, दोन घास खाल्ले, आणि एकाने नाक शिंकरून तो कागद त्याच वाडग्यात टाकला. नारळाच्या दुधाचा तवंग हळूहळू कागदावर चढला. मला शिसारी आली. आई मात्र त्या वाडग्याकडेच बघत होती.

"मी आत सांगून येते, तुझं व्रत आहे म्हणून."

"बस खाली. म्हातारी चुलीशी एकटी राबतेय. तिला कशाला संकोचात पाडायचं?"

"आणि तू उपाशी राहिलीस तर?"

"हळू बोल. लोक बघतायत."

आमचं हे असंच. स्वतःचा जीव गेला तरी चालेल, समोरच्याला अवघडायला नको. सायबुआची भाची नोई दर वेळी जाता जाता हसायची, "आलंच हं, ताई!" आणि मीही हसायचे. त्या माझ्या हसण्याची मला अजून किळस येते.

भिंतीवरच्या घड्याळाचे काटे एकमेकांवर आले. काटे पुढे सरकले, तेव्हा सायबुआ स्वतः वाडगा घेऊन आली. आईचे कपडे बघून जागीच थबकली.

"अगबाई, व्रत? मग तोंडं शिवली होती का गं तुमची? सगळ्यांत आधी तुमचंच चढवलं असतं!"

"असू दे गं. मला तशी भूक नव्हतीच," आई म्हणाली. तेवढ्यात तिचं पोट गुरगुरलं. आम्ही तिघींनी न ऐकल्यासारखं केलं.

"एकच घास, आई. डॉक्टरांनी खायला सांगितलंय."

"शील काय डॉक्टरांना विचारून घेतलं होतं? तू खा. टाकायचं नाही."

मी रागारागाने खाल्लं. कोवळं ताडफळ जिभेवर विरघळत होतं, आणि माझा हात काही थांबेना. आई माझ्या चमच्याकडे बघत होती.

"कसं झालंय?"

"खारट."

तिने रिकाम्या वाडग्यात डोकावून पाहिलं. "निदान आज तरी खोटं बोलू नकोस."

काल सकाळी दार उघडायच्या आधीच मी सायबुआकडे जाऊन उभी राहिले. तिने पहिली कढई आईसाठी चढवली, डोळे पुसत डबा भरून दिला. घरी येऊन मी झाकण काढलं. वाफ वर आली आणि आईने तोंड फिरवलं.

"आज नको गं," ती म्हणाली. "वाससुद्धा नको वाटतोय."