कडक पदार्थ आणावा

आम्ही कवळ्या बनवतो. आम्ही म्हणजे मास्तर, मी आणि हिवाळ्यातही बंद न होणारा एक पंखा.

थंडी पडली की सगळे धर्म आमच्याकडे तारीख घ्यायला येतात. कुणाचे दिवे बाराला, कुणाचा उपास वीसला सुटतो, कुणी पंचविसाला गातं. देव वेगळे, पण चावायचं सगळ्यांनाच असतं. मास्तर कॅलेंडरवर सण लिहीत नाहीत. 'वरची पूर्ण, खालची अर्धी' एवढंच लिहितात.

नियम एकच. कवळी न्यायला येताना आपल्या सणाचा सगळ्यात कडक पदार्थ आणायचा आणि आमच्यासमोर चावायचा. पदार्थ तुटला तर कवळी पास. कवळी तुटली तर पदार्थ पास.

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एक खालची कवळी घासत होतो. ती पूर्ण केली, मग घरी गेलो. त्या दिवसापासून बाबांनी दात लावले नाहीत. दहा महिने पातळ भात. अकरा किलो उतरले. हिरड्या इतक्या बसल्या की जुनी कवळी तोंडात फिरायला जाते. नवीनला माप लागतं आणि बाबा तोंड उघडेनात.

ताईने सांगून टाकलं होतं, "शनिवारी आपला सण. बाबा जेवायला बसले तर करते. नाहीतर यापुढे माझ्याकडे सण बंद."

म्हणून मी बाबांना दुकानात आणून बसवायला लागलो. चार दिवस त्यांनी सहा धर्मांचं चावणं पाहिलं. चेहऱ्यावर भाव म्हणाल तर रिकाम्या खुर्चीइतका.

पाचव्या दिवशी एक आजी आल्या. त्यांची कवळी पास झाली. पदार्थाचा उरलेला तुकडा त्यांनी बाबांपुढे धरला. "घ्या भाऊ. सणाचं आहे, नाही म्हणू नका."

बाबांनी तो तोंडात ठेवला. आजी गेल्या. चाळीस मिनिटं बाबांचा एक गाल फुगलेला होता.

"गिळा आता," मास्तर म्हणाले. "बघूनच माझी दाढ दुखायला लागली."

शेवटी गाल खाली आला. बाबांनी विचारलं, "त्या बाई परत येणार?"

"उद्या," मी म्हणालो. "कवळी जरा टोचतेय त्यांना."

"विचारतील, कसं लागलं म्हणून."

"छान म्हणा."

"खोटं कसं बोलू? नुसतं चोखलंय मी."

मग ते उठले, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, "घे माप."

मी पेस्ट भरलेला ट्रे त्यांच्या तोंडात बसवला. तो एका हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने ताईला फोन लावला.

"शनिवारी नाही होणार. आधीचे नंबर आहेत. मंगळवारी मिळेल."

"काय मिळेल?"

"कवळी. बाबांनी तोंड उघडलंय. सध्या माझा हात आहे त्यात."

ताई म्हणाली, "मंगळवारी करू सण."

"असा पुढे ढकलता येतो?"

"मी ढकलतेय ना. बाबांना विचार, चालेल का."

बाबा ट्रेसकट 'हो' म्हणून मान हलवायला लागले. म्हटलं, हलू नका, माप बिघडेल.