पापणी न लवणारी माऊली

चिंचवड स्टेशनच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. रात्रपाळी सुटलेले कामगार घरी जायच्या आधी तिथे येत. बहुतेक वेल्डिंगवाले, ग्राइंडिंगवाले. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. जिथे दिवसरात्र ठिणग्या उडतात तिथे बुवाही डोळ्यांचाच येणार. नेत्रनाथ महाराजांनी जागा बरोबर हेरली होती.

पाटावर भगव्या शालीत गुंडाळलेली एक मांजरी बसलेली. तिला माऊली म्हणायचं. उन्हाची तिरीप थेट तिच्या तोंडावर, तरी डोळे टपोरे, काळेभोर, आतून हिरवे चमकणारे. महाराजांनी कापूर पेटवून ज्योत तिच्यासमोर ओवाळली. माऊलीची पापणी लवली नाही. शेडभर हात जोडले गेले.

"माऊलीनं उंदीर सोडला," महाराज सुरात म्हणाले, "मासळी सोडली, दूध सोडलं. फक्त सुका प्रसाद. म्हणून ही नजर. सूर्यनारायणाशी डोळे भिडवते ती, तुमचे डॉक्टर काय घेऊन बसलात? आणि बाळांनो, बाहेरची नजर मंदावली तर घाबरू नका. तेव्हा आतली उघडत असते."

हे शेवटचं वाक्य ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण आदल्याच संध्याकाळी मी ते दुसऱ्या तोंडून ऐकलं होतं.

मी जनावरांचा डॉक्टर. लोक ढोरडॉक्टर म्हणतात, म्हणोत बापडे. दिवेलागणीला सोजराबाईची शेळी तपासायला गेलो होतो. सोजराबाई बीडकडची, नवरा भैरू इथे कारखान्याच्या एका शॉपमध्ये वेल्डर. त्यांची पाच-सहा वर्षांची छबू चालता चालता शेळीच्या खुंट्यावर जाऊन आपटली. उठली आणि परत त्याच खुंट्याला अडखळली. मी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. डोळ्यांचं तेज गेलेलं, पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका. दुष्काळात नुसत्या कडब्यावर जगवलेली वासरं संध्याकाळी अशीच दावणीला धडकतात. ओला चारा नाही, त्यातलं अ जीवनसत्त्व नाही, आणि नजर जाते.

"हिला खायला काय देता?"

"परसाद. डोळे आले व्हते तिचे, म्हाराजानं बरे केले. मंग म्हनले, दूध, अंडं, पालेभाजी कायबी दिऊ नका. दिवाळीपास्नं परसाद आन् पानी."

आलेले डोळे आठवड्यात आपोआप बरे होतात. त्याचं श्रेय महाराजांनी घेतलं आणि वर लेकराचं ताटही काढून घेतलं.

"सोजराबाई, हिला उद्या पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या. डोळे जातील पोरीचे."

"म्हाराज म्हनलेच व्हते आसं व्हईल म्हनून. आतली नजर उघडाय लागली तिची. समद्या चाळीत वाटले, तुमीबी घ्या." तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. छबूला त्यातला मिळाला नव्हता, दुधाचा होता म्हणून. "माऊली खोटी हाय का, डॉक्टर? यिऊन बघा की."

म्हणून मी शनिवारी तिथे उभा होतो. माझ्या शब्दावर ती पोरीला हलवणार नव्हती. आधी ती मांजरी खोटी पडायला हवी होती. सोजराबाई छबूला मांडीवर घेऊन पुढेच बसली होती, शेजारी भैरू. माझ्यासोबत मटणवाला युनूस होता आणि त्याच्या टोपलीत दुकानातला बोका, लहानपणापासून खिमा-कलेजीवर पोसलेला.

"माऊलीचं दर्शन जवळून घेऊ का?" मी विचारलं.

"या, डॉक्टर. शेवटी इथंच यावं लागलं ना?" महाराज गर्दीकडे बघून हसले.

मी खिशातून कापसाचा बोळा काढला आणि मांजरीच्या नाकासमोरून खाली सोडला. कापूस पडताना आवाज करत नाही. तिनं मान हलवली नाही. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. मग युनूसनं टोपली उघडली. बोक्यासमोर तोच बोळा सोडला, तर जमिनीला लागायच्या आत त्याचा पंजा त्यावर.

"आता दोघांचे डोळे बघा," मी लोकांना म्हणालो. "उन्हात बोक्याच्या डोळ्यातली काळी फट सुतासारखी बारीक झालीय. हिची वाटोळी ती वाटोळीच, कारण हिच्या डोळ्याला ऊन कळतच नाही. ही आंधळी आहे."

"माऊली मायेकडं बघत नाही," महाराज शांतपणे म्हणाले. "कापूस ही माया आहे."

"मग कापूर माया नाही? तो तिच्यासमोर कशाला ओवाळता?"

महाराजांनी मांजरीची शाल सारखी केली. मी ताटातली प्रसादाची एक वडी कुस्करली, पाण्यात कालवली आणि वर आयोडीनचा थेंब टाकला. लगदा काळानिळा झाला. चेले ओरडले, प्रसाद बाटवला.

"घरी भाताच्या शितावर टाकून बघा, असंच होईल. पीठ आहे हे. पीठ, गूळ आणि चिमूटभर राख. मांजराच्या जातीला मांस लागतं. मांसातलं एक द्रव्य मिळालं नाही की त्याच्या डोळ्याचा पडदा आतून वाळत जातो. परदेशात हे सिद्धही झालंय. या मांजरीला असली वडी खाऊनच अंधत्व आलंय. आणि हिच्यावर शाल कशाला पांघरतात तेही बघा."

मी शाल ओढली. आत फासळ्या होत्या आणि त्यांवर केसांचे चार पुंजके. चोरून पाजलेल्या घोटभर दुधावर तगली असणार बिचारी.

 मग भैरू उठला. तो माझ्याकडे बघत नव्हता, मांजरीकडे बघत होता.

"वेल्डिंगच्या आर्कसमोर पापणी न लवणारा एकच गडी व्हता आमच्या शॉपमदी," तो म्हणाला. "त्याचे डोळे गेलेले व्हते. मला ठावं व्हतं की हे. वेल्डर हाय मी, आन् दर शनिवारी हात जोडत व्हतो."

त्यानं सोजराबाईच्या मांडीवरून छबूला घेतलं आणि तसाच स्टेशनकडे चालू लागला.

बाकीची रांग मोडली असं सांगायला मला आवडलं असतं. निम्मे लोक घरी गेले. उरलेले निम्मे रिकाम्या जागी पुढे सरकले आणि हात पसरून प्रसाद घेतला. पुढे महाराज चाकणकडे गेल्याचं कळलं, दुसरी मांजरी घेऊन. आंधळी त्यांनी शेडमध्येच टाकली. युनूसनं तिला दुकानात आणलं. कलेजी खाऊन ती भरली, केस आले. नजर आली नाही, येणारही नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी छबूला अ जीवनसत्त्वाचे डोस दिले. डावा डोळा वाचला. उजव्याचं बुबुळ तोवर विरघळलं होतं. दूध, अंडं, शेवग्याचा पाला, जे गरिबाच्या घरातही मिळतं, तेवढ्यानं तोही वाचला असता.

परवा सोजराबाई युनूसच्या दुकानात भेटली. छबू मांजरीला भरवत होती. सोजराबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टर, त्या मुक्या जीवाला सांगता येत नव्हतं. माझ्या लेकीला येत व्हतं. रोज सांजच्याला म्हनायची, आये, मला दिसंना. आन् म्या पेढे वाटले."

 तुम्हाला सांगतो. कुणी वडी दिली तर ती कशाची आहे हे आधी विचारा. विचारल्यावर जो चिडतो त्याच्या हातचं लेकराला देऊ नका. आणि लेकरू दिसत नाही म्हणालं, तर त्याला खरंच दिसत नसतं.