सैतानाचा रक्तदाब

"तुझी माणसं खोटं बोलतात, नाहीतर त्यांना काही कळत नाही," प्राध्यापक हॅल्व्हरसन संशोधनातल्या आपल्या मदतनीस व्हर्लीनला म्हणाले. अलाबामातल्या तिच्या गावात दंडाला पट्टा बांधला की काळ्या बायकांचा रक्तदाब चढलेला दिसे, आणि विचारलं की त्याच बायका सांगत, 'मला काही आजार नाही.' "अज्ञान, असंच छापू. आणि व्हर्लीन, तू पडलीस त्यांच्यातलीच. हे काम दुसऱ्याकडे दिलेलं बरं."

काम गेलं तर जाऊ दे, पण व्हर्लीनला वाढवणाऱ्या बायकांवर अडाणीपणाचा शिक्का बसणार होता. "एक रविवार द्या, सर. आमच्या चर्चमध्ये या. प्रश्न मी विचारते."

रविवारी पास्टर टॉलिव्हरनी प्रवचन सुरू केलं. आधी साधं बोलणं. मग बोलण्याला सूर फुटला, ऑर्गननं तो उचलला आणि मंडळी शब्दाशब्दाला होकार देऊ लागली. देवाचं नाव असं गळ्यातून आलं की दगडालाही पाझर फुटावा. हॅल्व्हरसनांचा पाय कधी ठेका धरू लागला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

मग साक्ष देण्याची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची वेळ झाली. आजाराला 'माझा' म्हटलं की तो घरात ठाण मांडतो, ही इथली श्रद्धा व्हर्लीन आईच्या दुधाबरोबर प्यायली होती. तिनं आजाराचं नावच काढलं नाही. "मायांनो, देव सध्या तुम्हाला कशातून पार नेतोय?"

पांढऱ्याशुभ्र टोपीतल्या, चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मदर ओडेसा काठी टेकत उठल्या. "रक्तदाबातून, पोरी. पण तो माझा नाही हं, सैतानाचा आहे. मी नुसत्या त्याच्या गोळ्या खाते."

सगळं चर्च हसलं.

"त्याही संपल्यात. दवाखाना बंद पडला ना."

"माझ्याही," मागून आवाज आला. मग एकेक बाई उठू लागली. कुणाची आई त्यातच गेलेली, कुणी गोळी अर्धी करून खाणारी. सगळं ठाऊक होतं त्यांना.

"आपण चुकीचं छापणार होतो," हॅल्व्हरसन पुटपुटले.

"आपण नाही सर, तुम्ही."

"कबूल. प्रश्न आता तूच लिही. अहवालावर पहिलं नाव तुझं."

"आणि मी यांच्यातलीच आहे, हेही त्यात लिहिणार."

"ते तर सगळ्यात वर लिही."

मदर ओडेसांचे कान तिखट. "मग पट्टा आधी या साहेबांना बांध. तोंड बघ कसं लाल झालंय."

ऑर्गन पुन्हा घुमला, आणि बायका बाह्या सरसावून गात गात व्हर्लीनपुढे रांगेला लागल्या.