कुंडीतल्या लेकीचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी जास्वंद आहे. किती जुनी ते विचारू नका, मोजायला मला कुणी शिकवलं नाही. फ्रीगंज नावाच्या वस्तीत सुनंदाबाईंच्या अंगणात, नळाशेजारी माझा मुक्काम. शेंदरी फूल, दुहेरी पाकळी. गल्लीतल्या एकूण एक गणपतीच्या डोक्यावर माझंच फूल असायचं. शेजारची शोभा तर न विचारता तोडून न्यायची. तेही मला गोडच वाटायचं.

माझ्या सुखाला दृष्ट लागली ती सुनंदाबाईंच्या मुलीने, गौरीने नवं घर घेतलं तेव्हा. तिला दारात हीच जास्वंद हवी! माझ्या तीन फांद्या तोडून लावल्या, तिन्ही वाळल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग सुनंदाबाईंनी माझी एक खालची फांदी न तोडताच वाकवली. तिची साल जराशी खरवडली, तेवढा भाग शेजारच्या कुंडीत मातीखाली दाबला, वर वीट ठेवली. याला दाब कलम म्हणतात. म्हणजे मुळं फुटेस्तोवर ती जेवणार माझ्या ताटात, आणि कौतुक तिचं!

सकाळी चहाचे कप घेऊन सगळे कुंडीपाशी. "अरे वा, पालवी!" माझ्याकडे पाठ. त्यात सुनंदाबाईंचा पराग म्हणाला, "आई, ही नवी लागली की म्हातारीला उपटून टाकू. स्कूटरला जागा होईल."

"बघू," सुनंदाबाई म्हणाल्या.

नाही म्हणाल्या नाहीत! त्या दिवसापासून मी त्या फांदीला रस देताना हात आखडता घेतला. वाळू दे मेली.

वैशाखात घरचे सगळे दहा दिवस नागपूरला लग्नाला गेले. निघताना सुनंदाबाई रिक्षातून ओरडल्या, "शोभा, कुंडी सुकू देऊ नको गं!" शोभा शब्दाची पक्की. रोज लोटाभर पाणी कुंडीत ओतायची आणि चालू लागायची. माझ्या बुंध्याशी थेंब नाही. माझी पानं गळली, काड्या कडकडल्या. कुंडीतली सटवी मात्र हिरवीगार. उन्हाने जळले त्याहून जास्त तिला बघून जळले.

परतल्यावर पराग अंगणात आला तो कुदळ घेऊनच. "आई, ही तर पूरी खलास झाली."

"जरा थांब रे." सुनंदाबाईंनी माझी साल नखाने खरवडली. वाळकी. पुन्हा खरवडली, वाळकी. पण दाबलेली फांदी जिथून निघते, तिथे हिरवा ओलावा लागला. त्यांनी शोभाला हाक मारली. "पाणी कुठं घालत होतीस गं?"

"कुंडीत. तुम्हीच तर बोलला होता ना, काकू!"

सुनंदाबाईंनी वीट सारून कुंडीतली माती बोटाने उकरली. "मग या कुंडीतल्या लेकीनेच पाजलंय हिला. तिला मुळं फुटली, आणि तिथलं पाणी फांदीतून उलटं हिच्याकडे आलं. परग्या, ठेव ती कुदळ. आणि गौरीला फोन कर, म्हणावं, कलम आता राखीनंतर. तोवर या आई-झाडाला सावरू दे."

जिला मी उपाशी मारायला निघाले होते, तिचंच पाणी पीत होते मी. मान वर करवेना.

राखीनंतर मला चार नवे फुटवे आले, तेव्हा कुठे आम्हा दोघींमधली फांदी कापली. कुंडीतली लेक गौरीकडे गेली. स्कूटर अजून उन्हातच असते.

मित्रांनो, कलमं जरूर करा. पण मुळं धरल्याशिवाय कात्री लावू नका, आणि कुंडीत पाणी घालाल तेव्हा आईच्या बुंध्याशीही एक लोटा रिता करा. गौरीच्या दारात फूल माझ्याहून मोठं येतं म्हणे. येऊ दे, त्या लेकीने मला जगवलंय. फक्त त्याचं माप मला येऊन सांगू नका. सोसत नाही.