अकनिसीच्या नावाची ट्यूब

मी एक जुनी, पिळून पिळून सपाट झालेली ट्यूब आहे. टूथपेस्टची नाही, मित्रांनो. ती आमच्यातली भाग्यवान जात. तिची निदान रोज सकाळी आठवण होते. मी स्टिरॉइड मलमाची ट्यूब. माझी नोकरी एकूण बावीस दिवस चालली. जुनी व्हायला तेवढे दिवस पुरले.

माझे बालपण सांगण्यासारखे नाही. एका यंत्राने मला भरले, दुसऱ्याने शेपटीकडून चिमटून बंद केले. तिथून जहाजाने मी सुवा शहराच्या इस्पितळात आले. तिथे डॉक्टरीणबाईंनी माझ्या अंगावर निळ्या शाईने लिहिले, ‘अकनिसी, वय आठ. फक्त डागावर.’

अकनिसीच्या गालावर कोडाचा डाग उठला होता, छोट्या शिंपल्याएवढा. डॉक्टरीणबाई तिच्या आईला, सेरेआनाला, म्हणाल्या, “डाग ताजा आहे. आत्ता नेमाने लावलंत तर रंग परत यायची आशा आहे. दिवसातून एकदा, अगदी पातळ. ही ट्यूब दोन महिन्यांची. जास्त लावू नका, कातडी पातळ होते.”

बोटीने आम्ही बेटावर आलो. ईस्टरला गावात मेके, म्हणजे ओळीत बसून हातांनी करायचा नाच होता, पाहुणे येणार होते आणि अकनिसी पहिल्या ओळीत मधोमध बसणार होती. तिला माझी घाई होती. नऊ दिवस मी इमानाने काम केले. डाग वाढायचा थांबल्यासारखा दिसत होता.

दहाव्या दिवशी अकनिसीचा काका, वाइसाके, दारात आला.

“वहिनी, केरेकेरे,” तो म्हणाला. हा शब्द उच्चारून काही मागितले की आमच्या गावात नाही म्हणत नाहीत. “डास चावलाय. पोरीच्या मलमातलं थेंबभर दे.”

“भाऊजी, ते तिच्या गालाचं औषध आहे.”

“मग माझा दंड काय परका आहे?”

सेरेआनाने दिले. संध्याकाळपर्यंत खाज गेली आणि गावभर माझे कौतुक सुरू झाले. मित्रांनो, माझे वाटोळे कौतुकानेच केले.

पेनीमामाला गजकर्ण होते. मला लावताच लाली उतरली, मामाने मला आशीर्वाद दिला, आणि पुढच्या आठवड्यात गजकर्ण पाठभर पसरले. गजकर्णाला माझ्यासारखे दुसरे खत नाही. मग रग्बी खेळणारा इलाइतिया आला.

“स्टिरॉइड म्हणजे तेच ना, जे घेऊन खेळाडू पकडले जातात?” असे विचारून त्याने मला दोन्ही मांड्यांना चोळले. संघ बत्तीस-शून्यने हरला. त्याला कोणी पकडलेही नाही.

नाच शिकवणाऱ्या वासेमाधा मावशीने टाचांच्या भेगांसाठी मला चार वेळा नेले. शेवटी पाद्रीबाबांनी प्रार्थनाघराच्या बिजागरीसाठी मागितले. दाराची करकर थांबली. त्या रविवारी प्रार्थनेत माझे आभार मानले गेले. अकनिसीचे नाव राहून गेले.

“आई, नाही म्हण ना,” अकनिसी एकदा म्हणाली.

“आणि उद्या आपली होडी वर ओढायला कोण येईल? मी आणि तू?”

बाविसाव्या दिवशी मी संपले. डाग पुन्हा वाढू लागला आणि ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आला. तेव्हा सेरेआना मला पिशवीत घालून, लेकीला घेऊन, सुवाला गेली.

“दोन महिन्यांची ट्यूब बावीस दिवसांत?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अहो, पावाला लोणी थापावं तशी थापलीत काय?”

सेरेआनाने मान खाली घातली. दिराची, मामाची, पाद्रीबाबांची चुगली परक्या बाईपुढे कशी करायची?

“चुकलं,” ती म्हणाली.

“आता तीन महिने काही लावायचं नाही. कातडीला विश्रांती द्या. मग बघू.”

जे मलम तिला मिळालेच नाही, ते फार झाले म्हणून अकनिसीचे औषध बंद झाले. मी पिशवीतच होते. पण ट्यूबची साक्ष कोण घेतो?

तालमीला वासेमाधा मावशीने तिला मागच्या ओळीत सरकवले. “पाहुण्यांना वाटेल, लागण होते.”

“होत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“मला माहितेय गं. पाहुण्यांना कुठे माहितेय?”

अकनिसी मला मुठीत धरून मावशीसमोर जाऊन बसली, मोठी माणसे मागताना बसतात तशी मांडी घालून, खाली बघत. “मावशी, केरेकेरे. माझी पुढची जागा मला द्या.”

वाइसाके छताकडे बघू लागला. पेनीमामा पाठ खाजवायचा थांबला.

“जागा म्हणजे काय मलम आहे का,” मावशी म्हणाली, “कुणीही मागावं आणि देऊन टाकावं?”

तिच्या टाचा मात्र सुरेख मऊ झाल्या होत्या.

ईस्टरला अकनिसी मागच्या ओळीत, खांबाआड बसून नाचली. तिचा एकही हात चुकला नाही. कोणाला एकही दिसला नाही.

आता मी तिच्या खिडकीत पडून असते. मित्रांनो, डास चावला तर खाजवा, त्याला कोणाच्या लेकराचे औषध लागत नाही. दार करकरले तर करकरू द्या. आणि डाग असलेल्या मुलीला पुढे बसवायला तर माझीही गरज नाही.

माझ्या अंगावरची निळी शाई अजून पुसलेली नाही. ‘अकनिसी, वय आठ. फक्त डागावर.’ आमच्या गावात निरक्षर कोणी नाही. दर रविवारी प्रार्थनाघरात सगळे मोठ्याने वाचतात.