सगुणाच्या डोणीतली कातडी

आमच्या कोळीवाड्यात माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. लागलं तर मी सोडत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी धर्मा पाटलाला एकदा खाज सुटली.

एकोणसत्तर साल असेल. घरोघरी नायलॉनची जाळी आली होती. सुताची जाळी कुजू नयेत म्हणून त्यांना ऐनाच्या सालीचं पाणी पाजायची आमची लाकडी डोण अंगणात कोरडी पडली होती. ती साल मी बोरीवलीहून आणायचे. जंगलातल्या ठाकरणी भारे घेऊन बाजारात बसायच्या. तिथेच द्रौपदी भेटली. जातीने ढोर, ओशिवऱ्याच्या नाल्याकाठी मेंढ्यांची कातडी सालीच्या पाण्यात मुरवायची. एका भाऱ्यावरून आम्ही दोघी कचाकचा भांडलो आणि शेवटी भारा अर्धा-अर्धा वाटून घेतला.

त्या वर्षी होळीच्या दोनेक महिने आधी ती आमच्या कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. डोक्यावर ओल्या कातड्यांचं ओझं.

"बाय, डोण द्याल का? शेटने माझी कुंडं बुजवली."

शेटने त्या नाल्याकाठी कातड्यांचा कारखाना टाकला होता. सालीत कातडं मुरायला आठवडे लागतात, ह्यांच्या औषधात एका दिवसात तयार. तिचा दीर काशीराम तिथे लागला होता आणि वहिनीलाही बोलवत होता. औषधाचं निळं-हिरवं पाणी नाल्यातून सरळ आमच्या खाडीत यायचं. आम्ही बायका गुडघाभर चिखलात उतरून शिंपल्या काढायचो. त्या वर्षी पायांना फोड आले आणि शिंपल्या टोपलीत पडायच्या आधीच मेलेल्या. माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

"चुन्यातून काढून धुतलीत," ती म्हणाली. "आज सालीत पडली नाहीत तर सडतील. ही गेली की मला त्या कारखान्यात जावंच लागेल. मला नाही जायचं, बाय."

"आत ये," मी म्हटलं.

मी आमच्या सवयीने चूल पेटवली, हंड्यात साल उकळली. जाळं गरम पाण्यातच बुडवतात, हे मी लहानपणापासून करत आले. उकळता हंडा डोणीतल्या कातड्यांवर ओतणार, एवढ्यात द्रौपदीने माझं मनगट धरलं. "गरम नको. आक्रसतील, वाट लागेल. गार होऊ द्या." मग आपण कोणाचा हात धरलाय ते तिच्या ध्यानात आलं आणि तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मला तिचा नाही, आमच्या लोकांचा राग आला. मी तिचा हात ओढून पुन्हा माझ्या हातात घेतला आणि म्हटलं, "नुसती उभी राहू नकोस, हंडा उतरवायला लाग."

शेजारच्या मंजुळेने कुंपणावरून हे सगळं पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. धर्मा पाटील दारात आला. "जाळ्याच्या डोणीत कातडी? काढ ती बाहेर."

"तुमच्या नायलॉनला डोण लागत नाही," मी म्हटलं. "मग विटाळ कोणाला झाला? खाडीत विष ओततात त्या शेटच्या दारात जाऊन असा आवाज चढवलास कधी?"

धर्माने गावकी बसवली आणि आम्हाला वाळीत टाकलं. माझ्या टोपलीशेजारी कोणी टोपली मांडेना. आमचा घरवाला हरेश्वर म्हणजे गरीब गाय, पण तोही वैतागला. "तुझ्यापायी होडी ओढायला चार हात मिळत नाहीत मला."

"माझे दोन आहेत ना," म्हटलं आणि गेले ओढायला. दोरीने तळवे सोलले. बरं वाटलं.

द्रौपदी एकदा रडवेली होऊन म्हणाली, "नेते मी ती. तुमचा संसार नको मोडायला." मी तिला झापलं. अर्धवट मुरलेलं कातडं घेऊन ती काय करणार होती? ते ना कच्चं ना पक्कं. ती रोज यायची, कातडी वरखाली करायची, नवी साल घालायची. वापरलेली साल वाळवून मी चुलीत घालायचे आणि उरलेलं पाणी वालाच्या वेलांना. वाल नुसते लगडले होते.

कातडी तयार झाली, तांबूस, मऊ. त्याच आठवड्यात गावकीने मला पुन्हा बोलावलं. चूक कबूल कर, डोण जाळ, मग घेऊ आत, असा निरोप. मी कातड्यांचं गाठोडं काखेत मारून गेले. द्रौपदी ऐकेना, मागोमाग आली आणि बोंबील वाळवायच्या काठ्यांपाशी लांब उभी राहिली.

सगळे पुरुष मांडवात. धर्मा खाकरला. "सगुणे, शेजार गेला, होळीचा मान गेला, नवऱ्याचा जोडीदार गेला. त्या बाईच्या नादी लागून तू कमावलंस तरी काय?"

मी गाठोडं त्याच्या पुढ्यात सोडलं. "ही कातडी कमावली. हात लावून बघ, कच्चं काही नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. धर्मा काही बोलायच्या आत मी त्यातलं मोठं कातडं उचललं, मांडवाच्या मध्यभागी, जिथे बाईमाणूस कधी बसलं नव्हतं, तिथे अंथरलं आणि त्यावर बसले.

"द्रौपदी, ये गं," मी हाक मारली. "लांब कशाला उभी? तुझ्या हातचं आहे."

तिने धर्माकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मांडवात आली आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसली.