लेनेवरचा उकाडा

सायबेरियातली लेना नदी पुरती गोठली की जहाजांखालचा बर्फ तोडायचं काम सुरू होतं. सुकाणू किंवा पंखा दुरुस्त करायचा तर त्याच्याभोवती बर्फात खड्डा खणत जायचं. थोडं खणायचं, थांबायचं, खालचं पाणी आणखी गोठू द्यायचं, मग पुन्हा खणायचं. घाई केली की तळ फुटतो आणि नदी वर येते. ऐताल आणि त्याचे सासरे क्सेनोफोंत या कामावर कितीतरी हिवाळे जोडीनं होते. जोडी हवीच. आपलं नाक पांढरं पडलेलं आपल्याला दिसत नाही. ते दुसऱ्यानं बघायचं आणि ओरडून सांगायचं.

त्या दिवशी मात्र दोघांत बोलणं नव्हतं.

ऐतालनं मुकादमाला, गाव्रीलला, हळूच सांगून ठेवलं होतं, की मामांची बोटं आता नीट वळत नाहीत, त्यांना यंदा बॉयलरच्या खोलीत घ्या. गाव्रीलच्या पोटात काही राहत नाही. सकाळी खड्ड्यात उतरता उतरता म्हातारा कडाडला.

"मला उबेला नेऊन बसवायला निघालात काय, जावईबापू?"

"मामा, तसं नाही हो. सास्किलानाला रात्रंदिवस तुमची काळजी..."

"माझ्या पोरीचं नाव मध्ये आणू नकोस. तू जन्मायच्या आधीपासून हा बर्फ तोडतोय मी. जा, तूच टाक बॉयलरमध्ये कोळसा!"

एवढं बोलून ते सुकाणूच्या पलीकडे गेले. उणे चव्वेचाळीसची थंडी, त्यात नदीवर धुकं असं दाटलेलं की चार हातांवरचं दिसेना. पलीकडून पहारीचे घाव मात्र ऐकू येत होते. ऐतालही तडकला होता. बसा म्हणावं आपल्या तोऱ्यात.

चहाच्या वेळी सगळे गरम खोलीत आले, पण क्सेनोफोंत आले नाहीत.

"सासरा कुठंय तुझा?" गाव्रीलनं विचारलं.

"रुसलेत. बोलवायला गेलो तर माझ्याच अंगावर येतील."

सगळे हसले. ऐतालनं दुधाचा चहा पुन्हा भरून घेतला.

परतला तेव्हा पलीकडून पहारीचा आवाज येत नव्हता. त्यानं हाक मारली. सुकाणूला वळसा घालून गेला, तर पायाशी कोट. पुढे टोपी. पुढे हातमोजे, ओले होऊन लाकडासारखे कडक झालेले. आणि खड्ड्याच्या भिंतीला टेकून क्सेनोफोंत बसलेले, अंगात नुसता स्वेटर, तोही गळ्यापासून ओढून काढायची धडपड चाललेली. केसांवर बर्फ साचलेला. चेहरा मेणासारखा, आणि त्या चेहऱ्यावर हसू.

"काय उकडतंय हो," म्हातारा जड जिभेनं म्हणाला. मग जावयाकडे परक्या पाहुण्याकडे पाहावं तसं पाहिलं. "आपण कोण? कुणाचे?"

ऐतालला वाटलं, पायाखालचा बर्फच सरकला.

मग त्याला तळाची भेग दिसली. तिच्यात बर्फाचा चुरा कोंबलेला आणि त्यावर हाताच्या पंजांचे ठसे गोठलेले. पाणी वर आलं होतं. म्हाताऱ्यानं पालथं पडून, छातीनं आणि हातांनी ते एकट्यानं अडवलं होतं. बोलणं बंद होतं ना. हाक कशी मारणार?

"गाव्रील! अरे धावा रे, धावा!"

पोटऱ्यांत गोळे येईस्तोवर त्यांनी म्हाताऱ्याला आडवं धरून वर काढलं. खोलीत कुणीतरी त्यांचे हात चोळायला घेतले, कुणी व्होडकाची बाटली काढली. तेवढ्यात जहाजांच्या यार्डातली नर्स मात्र्योना दारातूनच ओरडली.

"चोळू नका! आणि ती बाटली ठेव बाजूला, मारतोस काय त्यांना? ओले कपडे कापून काढा. हळू! काचेचं भांडं समजा. छातीला ऊब द्या आधी, हातापायांना नको."

ऐतालनं आपला कोट उतरवून सासऱ्याला पांघरला आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत शेजारी आडवा होऊन त्यांना छातीशी धरून राहिला. ते कुडकुडतसुद्धा नव्हते, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

क्सेनोफोंत वाचले. उजव्या पायाची तीन बोटं आणि डाव्या हाताची करंगळी गेली. ऐताल दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो रागानं.

"माझा कोट कुणी काढला रे?"

"तुम्हीच काढलात, मामा."

"मी? त्या थंडीत? वेड लागलंय का मला?"

"डॉक्टर म्हणाले, थंडी फार आत शिरली की माणसाला उकडायला लागतं. टोपी, मोजे... स्वेटरही काढत होतात."

आयुष्यभर ज्या थंडीत राहिलो तिनं आपल्याच हातांनी आपल्याला नागवं करायला लावलं, हे त्यांना पटेना. त्यांनी पट्ट्या बांधलेला हात उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"आणखी काय बोललो मी?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

ऐतालनं खिडकीकडे पाहिलं. "काही नाही. उकडतंय म्हणालात, एवढंच."

"तुला ओळखलं ना?"

"ओळखलंत की. शिव्याही घातल्यात."

क्सेनोफोंतांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं आणि म्हणाले, "बस इथं थोडा वेळ. जाऊ नकोस."

ऐताल खुर्ची ओढून बसला.